पाहुणीची कपबशी

पाहुणा येणार म्हटले की आपल्याकडे पहिली गडबड उडते ती कपबश्यांची. रोजच्या वापरातले, कान उडालेले कप फळीच्या मागच्या रांगेत ढकलले जातात आणि काचेच्या कपाटातला, लग्नात आहेर म्हणून आलेला, सोनेरी काठांचा संच खाली उतरतो. सहा कप, सहा बश्या आणि साखरेचे एक भांडे! वर्षातून चार-सहा वेळा हा संच बाहेर निघतो. धुऊन, पुसून, मोजून पुन्हा कपाटात जातो. त्यातली एखादी बशी फुटली तर घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोलत नाही.

२०१८ च्या ऑगस्ट महिन्यात आमच्या पुण्याच्या घरी हा संच असाच खाली उतरला. पाहुणी जर्मनीहून येणार होती आणि चार दिवसांसाठी नव्हे, चांगली वर्षभर राहणार होती. जर्मन सरकारने २००८ साली 'वेल्टवेर्ट्‌स' नावाची एक योजना सुरू केली. त्या शब्दाचा अर्थ 'जगाकडे'. अठरा ते अठ्ठावीस वर्षांच्या तरुण मुलामुलींनी परदेशात जावे, तेथील एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून काम करावे, तेथल्या लोकांत राहावे, अशी ही कल्पना. आमची पाहुणी एकोणीस वर्षांची होती. विशेष मुलांच्या एका शाळेत ती काम करणार होती आणि तिच्या राहण्याची सोय आमच्याकडे झाली होती. यजमानांच्या मंडळीत मी, माझे यजमान, मुलगा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई.

सासूबाईंना प्रथम ही कल्पना मुळीच पसंत नव्हती. "परक्याची पोर, खाणार काय, बोलणार काय, आणि आजारी पडली तर तिच्या आईला काय सांगायचं?" हा त्यांचा प्रश्न. परंतु मुलगी दारात आली, वाकून चपला काढल्या आणि पाठ करून आणलेले "नमस्कार आजी" तिने म्हटले मात्र, आमच्या सासूबाई विरघळल्या! त्या दिवसापासून त्या घरात ती पाहुणी कमी आणि नात अधिक झाली.

पहिले पंधरा दिवस मोठ्या गमतीचे गेले. ताटात वाढलेले सर्व संपवावे, काही टाकू नये, हे तिला लहानपणापासून शिकविलेले. आणि रिकामे ताट दिसले की वाढावे, हे आम्हांला लहानपणापासून शिकविलेले! ती बिचारी पोळी संपवी आणि सासूबाई दुसरी वाढीत. ती दुसरी संपवी आणि तिसरी येऊन पडे. पाचव्या पोळीला तिच्या डोळ्यांत पाणी तरळू लागले तेव्हा माझ्या मुलाने तिला ताटावर आडवा हात धरून "पुरे!" म्हणायला शिकविले. तरी पहिल्या 'पुरे'ला कोणी भीक घालीत नाही, तिसरे 'पुरे' खरे, हे कळायला तिला आणखी आठ दिवस लागले. घराबाहेर पडताना 'जाते' म्हणायचे नाही, 'येते' म्हणायचे. कोणी घरी येऊन कुंकू लावले तर तेही 'थँक्यू' न म्हणता मान लववून घ्यायचे. शेजारणीने वाटीतून काही पाठविले तर वाटी रिकामी परत करायची नाही, अशी एकेक विद्या ती शिकत गेली. गणपतीत ती पाच घरच्या आरत्यांना गेली आणि झांज वाजवून आली. सोसायटीत जो तो तिला जेवायला बोलावू लागला. एका रविवारी तर दोन बिऱ्हाडांत तिच्यावरून थोडी कुरबूर झाली.

मी मराठीची प्राध्यापिका. शब्दांची खोड जाणार कोठे? तिला शिकवता शिकवता मीच शब्दांकडे नव्याने पाहू लागले. ज्याच्या येण्याला तिथी ठरलेली नाही तो अतिथी. 'पाहुणा' हा प्राकृतातून चालत आलेला, त्याच्याच नात्यातला पण अधिक घरगुती शब्द. आणि 'यजमान' म्हणजे मुळात यज्ञ करणारा. पाहुण्याचे आदरातिथ्य हा एक यज्ञच, अशी आपल्या पूर्वजांची समजूत असावी. मी हे सर्व तिला मोठ्या अभिमानाने सांगितले. तिने ते वहीत टिपून घेतले. ती सर्वच टिपून घेई, आणि तिच्या त्या वहीमुळेच पुढे माझी पंचाईत झाली. पण ती गोष्ट थोडी पुढची आहे.

परदेशी स्वयंसेवकांनी आपल्याकडे येऊन राहण्याची परंपरा तशी बरीच जुनी आहे. १५ जानेवारी १९३४ च्या दुपारी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. मुंगेर, मुझफ्फरपूर ही शहरे उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे दगावली. ती बातमी वाचून स्वित्झर्लंडमधील पिएर सेरेसोल नावाचे एक इंजिनियर हिंदुस्थानात यायला निघाले. हे गृहस्थ मोठे विलक्षण. वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले. पण चिरंजीवांनी हातात कुदळ-फावडे धरले. पहिले महायुद्ध संपल्यावर १९२० साली फ्रान्समध्ये व्हर्दंच्या रणभूमीजवळील एस्न या उद्ध्वस्त खेड्यात ते काही मित्रांसह घरे उभारायला गेले. त्या तुकडीत मुद्दाम जर्मन स्वयंसेवकही घेतले होते. काल ज्यांनी तोफा डागल्या त्यांच्याच देशबांधवांनी आज विटा रचाव्यात, हा हेतू. परंतु गावाच्या जखमा ओल्या होत्या. जर्मन माणसे लोकांना डोळ्यांसमोर नकोत. काही महिन्यांतच तुकडीला तेथून निघावे लागले. सेरेसोल यांनी स्थापिलेल्या 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या संस्थेचा जन्म हा असा झाला. सेवा द्यायला आलेल्या माणसालाही यजमानाची तयारी असावी लागते, हा धडा तिने पहिल्याच कामात घेतला.

१९३१ मध्ये गांधीजी रोमाँ रोलाँ यांच्या भेटीसाठी स्वित्झर्लंडला गेले होते, तेव्हा सेरेसोल यांचा त्यांच्याशी परिचय झाला होता. आता ते स्वतःच गांधीजींच्या देशात आले. भूकंपाने जमिनीच्या पातळ्या बदलल्या होत्या, पुराचे पाणी जुन्या गावठाणांत शिरत होते. तेव्हा मुझफ्फरपूरकडील खेडी उंच जागेवर नव्याने वसविण्याचे काम त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हाती घेतले. १९३४ ते १९३७ पर्यंत हे काम चालले. त्या काळी गोरा मनुष्य म्हणजे साहेब. तो घोड्यावर किंवा मोटारीत दिसायचा. तो डोक्यावर मातीची पाटी घेऊन गावकऱ्यांच्या रांगेत उभा आहे हे दृश्य बिहारच्या त्या खेडुतांनी प्रथमच पाहिले असेल.

स्वातंत्र्यानंतर अशा पाहुण्यांची संख्या वाढली. १ मार्च १९६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी 'पीस कोअर' म्हणजे शांतिदल स्थापन केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यातील पहिली तुकडी पंजाबात येऊन दाखल झाली. पुढे १९७६ पर्यंत चार हजारांहून अधिक अमेरिकन स्वयंसेवक भारतात येऊन गेले. शेती, कोंबड्या पाळणे, आरोग्य, शिक्षण अशी निरनिराळी कामे त्यांनी केली. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यांच्यातील एक मोठी गमतीदार स्वयंसेविका आली. बहुतेक सर्व तरुण विशी-बाविशीतले. ह्या बाईंचे वय अडुसष्ट!

त्या म्हणजे लिलियन कार्टर. अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स नावाच्या छोट्या गावच्या. शिकलेल्या परिचारिका, विधवा, मुलेबाळे मोठी झालेली. एका रात्री दूरचित्रवाणीवर शांतिदलाची जाहिरात लागली: वयाची अट नाही! बाईंनी अर्ज करून टाकला. १९६६ च्या अखेरीस त्या मुंबईत आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत राहू लागल्या. प्रथम कुटुंबनियोजनाचे काम आणि मग दवाखान्यातील शुश्रूषा असे ते दिवस. हातात पैसा बेताचा, जेवण साधे, आणि दारात रुग्णांची रांग. त्यांचा मुलगा जिमी पुढे अमेरिकेचा अध्यक्ष होईल हे त्या वेळी विक्रोळीत कोणाच्या स्वप्नातही नव्हते. वसाहतीच्या लेखी ती एक अमेरिकेहून आलेली म्हातारी नर्स होती.

ह्या बाईंची एक जुनी हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. त्यांच्या गावी त्या काळी काळ्या माणसाने गोऱ्याच्या घरी मागच्या दाराने यावे असा रिवाज होता. तेथील एका काळ्या धर्मगुरूंचा मुलगा शिकून परत आला की लिलियनबाईंना भेटायला येई आणि तो पुढच्या दाराने येई. बाई त्याला दिवाणखान्यात बसवून त्याच्याशी गप्पा मारीत. त्यांचे यजमान जुन्या विचारांचे; ते अशा वेळी घराबाहेर निघून जात. पुढच्या दाराने कोण आणि मागच्या दाराने कोण, हा प्रश्न त्यांनी आपल्या गावातच सोडविला होता. तो सोडवूनच त्या भारतात आल्या.

१५ ऑगस्ट हा आपला स्वातंत्र्यदिन, आणि योगायोग असा की तोच लिलियनबाईंचा जन्मदिवस. १९६८ साली सत्तरावा वाढदिवस त्यांनी भारतातच साजरा केला. त्या दिवशी घरी लिहिलेल्या पत्रात, स्वतःला इतरांत वाटून टाकणे आणि इतरांचे प्रेम स्वीकारणे यापरते दुसरे धन नाही, हे आपल्याला ह्या दूरदेशी उमगले, अशा आशयाचे उद्‌गार त्यांनी काढले आहेत. १९७७ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीसाठी अमेरिकेच्या वतीने त्या आल्या तेव्हा त्या अध्यक्षांच्या मातोश्री झाल्या होत्या; पण त्या आठवणीने विक्रोळीला जाऊन आल्या. पुढे २००६ साली जिमी कार्टर लोणावळ्याजवळ मळवलीला आले आणि सुमारे दोन हजार स्वयंसेवकांच्या मदतीने तेथे गरिबांसाठी शंभर घरे उभी राहिली. भूतपूर्व अध्यक्ष हातात थापी घेऊन भिंत बांधत होते!

ह्या सर्व गोष्टी मी आमच्या पाहुणीला रात्रीच्या जेवणानंतर सांगत असे. ती ऐके आणि म्हणे, "काकू, तुम्ही लोक फार चांगले यजमान आहात." मला मनातून बरे वाटे.

मात्र त्याच वर्षी आमच्या सोसायटीत एक रिकामी जागा भाड्याने द्यायची होती. ईशान्य भारतातून शिकायला आलेल्या दोन विद्यार्थिनी ती पाहून गेल्या. "त्यांचं खाणंपिणं आपल्यात बसायचं नाही," असे सभेत ठरले. जर्मन मुलीसाठी पुरणपोळीची परात पाठविणारी बिऱ्हाडेच त्या सभेत हात वर करून बसली होती. मीही त्या सभेत होते. मी विरोधात हात वर केला नाही. मी कोणाच्याच बाजूने हात वर केला नाही. वह्या तपासायच्या आहेत असे सांगून लवकर उठून आले.

आता त्या कपबशीकडे येते.

आमच्याकडे धुण्याभांड्याला एक मावशी येत. त्या वेळी त्यांना आमच्याकडे अठरा वर्षे झाली होती. माझ्या मुलाच्या बारशाला त्या होत्या, त्याच्या दहावीच्या निकालाचे पेढेही त्यांनी पहिल्यांदा खाल्ले. त्यांच्यावर घर टाकून आम्ही खुशाल गावाला जात असू. रोज दहाच्या सुमारास त्यांना चहा असे. आणि त्या चहाचा कप वेगळा असे. मोरीमागच्या खिडकीच्या कट्ट्यावर तो पालथा घातलेला असायचा. पांढरा, निळ्या फुलांचा, कान तुटलेला. मी लग्न होऊन आले तेव्हा तेथे दुसरा एखादा कप असावा. तो फुटल्यावर हा आला. कोणी तो तेथे ठेवायला सांगितले होते असे मला आठवत नाही. मावशींची जात आम्ही कधी विचारली नाही आणि त्या विचारण्याची गरजही पडली नाही. काम करणाऱ्या बाईचा कप वेगळा, एवढेच. ज्या घरांतून मी वाढले त्या सर्व घरांतून तो तसाच वेगळा होता.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारची गोष्ट. शाळेला सुट्टी असल्यामुळे पाहुणी घरी होती, मी महाविद्यालयात, सासूबाई देवळात. पाहुणी नुकतीच आले घालून चहा करायला शिकली होती. तिने चहा केला, काचेच्या कपाटातून सोनेरी काठांचे दोन कप काढले, एक मावशींना दिला, एक स्वतः घेतला, आणि दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून गप्पा मारू लागल्या. इतक्यात सासूबाई दारात उभ्या राहिल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. मावशी मात्र तटकन उठल्या. तो कप त्यांनी एकदा घासला, पुन्हा घासला, आणि पुसून ओट्यावर ठेवला. सासूबाईंनी तो उचलून कपाटात ठेवला. पण इतर पाच कपांपासून चार बोटे दूर.

रात्री पाहुणी वही घेऊन माझ्या खोलीत आली. "काकू, माझी काही चूक झाली का?"

मी म्हटले, "नाही गं."

"मावशींचा तो निळा कप आहे ना, खिडकीतला, तो त्यांचा आवडता कप आहे. आमच्या घरीही प्रत्येकाचा आवडता कप असतो, दुसऱ्याने त्यात प्यायचं नाही. पण त्याचा कान तुटला आहे, हाताला भाजतं. म्हणून मी दुसरा दिला. त्यांना आवडलं नाही का?"

तिच्या प्रश्नात टीका नव्हती, उपदेश नव्हता. तिला खरोखरच काही ठाऊक नव्हते. तिच्या जगात वेगळा कप हा लाडाचा कप होता! वाचकहो, मी एम.ए.च्या वर्गाला दलित आत्मकथने शिकविते. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या दया पवारांच्या 'बलुतं'वर दरवर्षी तास घेते. वेगळे पाणी, वेगळे भांडे, वेगळी वाट या विषयांवर पोटतिडिकीने बोलते. विद्यार्थी खाली मान घालून ऐकतात. आणि त्या रात्री एका एकोणीस वर्षांच्या मुलीला त्या कपाचा खरा अर्थ सांगायची वेळ आली तेव्हा मी म्हटले,

"हो, तो त्यांचा आवडता कप आहे."

तिने ते वहीत लिहून घेतले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि का कोण जाणे, पुन:पुन्हा आनंदवन आठवत राहिले. १९५१ साली बाबा आमटे आणि साधनाताई सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर वरोऱ्याजवळच्या ओसाड, खडकाळ जमिनीवर राहायला गेले. झडलेल्या बोटांच्या माणसांनी विहिरी खणल्या, दगड वेचले, माती केली. पुढे भाज्या आल्या, धान्य आले. पण विकत कोण घेणार? गाव दोन-तीन किलोमीटरवर. परंतु महारोग्याच्या हातची भाजी गावात कोणाच्याही घरी शिजत नव्हती. रोगावर औषध निघाले होते, माणसे बरी होत होती. गावाच्या मनातील भीतीवर मात्र औषध नव्हते.

१९५४ च्या सुमारास तेथे निरनिराळ्या देशांतील तरुण स्वयंसेवकांची एक तुकडी आली. ते सेरेसोल यांच्याच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल'चे लोक. बिहारच्या भूकंपानंतर आलेली परंपरा वीस वर्षांनी विदर्भात पोचली होती. ही मंडळी आनंदवनात राहिली. कुष्ठरुग्णांच्या बरोबरीने त्यांनी इमारती बांधल्या. त्यांनी पिकविलेले अन्न त्यांच्यासोबत बसून खाल्ले. कोणाच्या घरी पाणीही न मिळणारी माणसे येथे यजमान झाली आणि दूरदूरच्या देशांतील मुले त्यांचे पाहुणे. ही गोष्ट वरोऱ्यात पसरली. लोक पाहायला येऊ लागले. धडधाकट, शिकलेली, परदेशची पोरे खुशाल ह्यांच्या पंक्तीला बसतात आणि त्यांना काही होत नाही! हळूहळू आनंदवनाची भाजी वरोऱ्यात विकली जाऊ लागली.

ही हकीकत मी अनेक वेळा सांगितली आहे. प्रत्येक वेळी मी त्या स्वयंसेवकांचे कौतुक करीत असे. त्या रात्री प्रथमच माझे लक्ष त्या आनंदवनवासीयांकडे गेले. पाहुण्याच्या पानात पहिला घास वाढताना त्यांचे हात कापले असतील का? 'हे खातील ना?' असे त्यांच्या मनात आले असेल का? आणि दुसरी गोष्ट अशी की, वरोऱ्याच्या लोकांना जे कळायला हवे होते ते सांगायला बाबा आमटे तेथे तीन वर्षे होतेच. तरी परका पाहुणा यावा लागला. पाहुण्याला आपल्या भिंती दिसत नाहीत, म्हणून तो त्यांतून सरळ चालत जातो.

दिवाळी आली. वसुबारसेच्या दिवशी पाहुणीने मावशींच्या हातात एक पुडके ठेवले. त्यात एक नवा कोरा कप होता. पांढरा, निळ्या फुलांचा, अगदी जुन्यासारखा. तुळशीबागेत अर्धा दिवस हिंडून तिने तो शोधला होता. "तुमचा आवडता कप फुटला आहे ना, म्हणून हा," ती आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली. मी ओट्याशी चकल्या तळत होते. झारा हातातच राहिला. मावशींनी कप पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. एकच क्षण. त्यांना सर्व समजले. मी काय सांगितले असेल तेसुद्धा. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "लई ग्वाड हाय गं पोरी. हितं नगं ठेवाया, फुटंल. घरी नेते." आणि लगेच पुढे, "भाऊबीजेला तू माझ्या घरी यायचं. फराळाला."

"काकू पण?" पाहुणीने विचारले.

मावशी क्षणभर थांबल्या. "त्यांना सवड असंल तर."

९ नोव्हेंबरला भाऊबीज होती. संध्याकाळी आम्ही दोघी निघालो. पर्वतीच्या उतारावरची ती वस्ती आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. अठरा वर्षांत मी तेथे एकदाही गेले नव्हते. पत्ता विचारीत जावे लागले. अरुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना उंबऱ्याला उंबरे, प्रत्येक दारासमोर वीतभर जागेत रेखीव रांगोळी आणि पणती. पाहुणीला पाहून पोरांचा घोळका मागे लागला. मावशींच्या दारात त्यांची सून, मुलगा, नातवंडे आणि शेजारच्या चार बायका उभ्या होत्या. खोली दहा बाय दहाची, पण लखलखीत. आमच्यासाठी कोठून तरी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागून आणल्या होत्या. पाहुणी सरळ सतरंजीवर बसली. मग मीही बसले.

फराळाची ताटे आली. करंज्या, शेव, शंकरपाळे, आणि बेसनाचे लाडू. मावशी आमच्या घरी दरवर्षी दिवाळीला लाडू वळू लागत. पण त्यांच्या हातचे त्यांचे लाडू मी प्रथमच खात होते. वेलदोडा सढळ, तूप बेताचे. पाहुणीने ताटावर आडवा हात धरून तीनदा 'पुरे' म्हटले आणि साऱ्या बायका खो खो हसल्या.

नंतर सुनेने चहा केला. ट्रेमध्ये दोन कप होते. एक तो निळ्या फुलांचा नवा. तो पाहुणीला दिला. दुसरा बशीसकट, शेजारणीच्या संचातला असावा. तो हातात घेऊन मावशी माझ्यापुढे आल्या आणि थांबल्या. खोलीतले बोलणे एकदम कमी झाले. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारले,

"वहिनी, घ्याल ना आमच्याकडचा चहा?"

त्या विचारण्यात रोष असता तर मला सोपे गेले असते. रोष नव्हता. अठरा वर्षे माझ्या घरातला चहा घेणारी बाई मला मोठ्या अदबीने, मला अवघड वाटू नये म्हणून, नाही म्हणायची मोकळीक देत होती. आदरातिथ्यावर मी कितीतरी व्याख्याने दिली आहेत. यजमान म्हणजे काय हे मला त्या खोलीत कळले.

मी कप घेतला. चहा फार गोड होता. मी तो सगळा प्यायले, आणि दुसरा मागितला.

घरी आल्यावर सासूबाईंना मी सर्व सांगितले; कपाविषयी मी काय सांगितले होते तेही. त्या जपमाळ ओढीत बसल्या होत्या. "हं," एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, भांडी झाली, दहा वाजले. सासूबाई स्वतः उठल्या. फळीवरचे रोजचे तीन कप त्यांनी ओट्यावर मांडले, चहा गाळला, आणि एक मावशींच्या हातात दिला. मग खिडकीतल्या त्या कपाकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "तो टाकून दे. तडा गेलाय त्याला. तडा गेलेल्या कपानं ओठ कापतो."

तडा नव्हता गेलेला. फक्त कान तुटला होता, आणि तोही कित्येक वर्षांपूर्वी. पण मी काही बोलले नाही. माणसाला जुनी वाट सोडायला एखादे निमित्त लागते. वरोऱ्याच्या बायकांनीही पहिल्या दिवशी शेजारणीला असेच सांगितले असेल की, भाजी ताजी असते, म्हणून आणते.

पाहुणी २०१९ च्या ऑगस्टमध्ये परत गेली. जाताना सासूबाईंनी तिच्या हातावर दही घातले आणि ती दारातून "येते" म्हणाली. मावशी पुढे तीन वर्षे आमच्याकडे होत्या. आता गुडघे चालत नाहीत म्हणून घरीच नातवंडे सांभाळतात. दर दिवाळीला मी त्यांच्याकडे फराळाला जाते आणि त्या माझ्याकडे येतात. आता त्या पुढच्या खोलीत बसतात. पहिल्या वर्षी मात्र त्या सवयीने सरळ स्वयंपाकघरातच गेल्या होत्या.

दर दिवाळीला पाहुणीचे पत्र येते. मराठीतून असते, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा कमी असतात. त्यात शेवटी एक प्रश्न न चुकता असतो: 'मावशींचा आवडता कप कसा आहे?' दरवर्षी मी लिहिते, 'छान आहे.' ते खोटे नाही. तो निळ्या फुलांचा कप मावशींच्या फळीवर अजून आहे आणि आता तो खरोखरच त्यांचा आवडता आहे.

पण तिच्या वहीत २०१८ सालच्या एका पानावर मी सांगितलेले एक वाक्य लिहून ठेवलेले आहे, आणि ते खोटे आहे. यंदाच्या पत्रात ते पान दुरुस्त करायचे मी ठरविले आहे. फराळ झाला की लिहायला बसेन.